साडेनव्याण्णव पायऱ्या आणि एक नकार

दिवाळीत भाची आली होती चार दिवस. वय वर्षे सतरा, बारावी सायन्स, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. अ‍ॅनिमे म्हणजे जीव की प्राण. जपानी भाषा शिकलेला आणि तिकडे तीन वर्षं राहून आलेला मामा म्हणजे तिच्या दृष्टीनं घरातला एकमेव सुशिक्षित माणूस. तर भाऊबीजेच्या रात्री मी तिला माझ्या आवडीचा एक जुना सिनेमा दाखवला. जेमतेम सव्वा तासाचा, तोही पूर्ण नाही. संपल्यावर ती काही न बोलता उठून आत गेली. दहा मिनिटांनी चिवड्याची वाटी घेऊन परत आली आणि म्हणाली, "मामा, हा मुलगा किती दुष्ट आहे रे!"

मी म्हटलं, उलट आहे. सबंध गोष्टीत तो पहिल्यांदाच इथे चांगला वागलाय.

यावर आमचं जे भांडण जुंपलं ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. बायकोनं शेवटी दोघांनाही फराळाचे डबे घासायला बसवलं. भांडण अर्धवट राहिलं, ते इथे पुरं करतोय.

सिनेमाचं नाव 'किमागुरे ऑरेंज रोड: आनो हि नि काएरिताई'. किमागुरे म्हणजे लहरी. नंतरच्या तीन-चार शब्दांचा अर्थ 'त्या दिवसाकडे परत जावंसं वाटतं'. ऑक्टोबर 1988 मध्ये जपानात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक तोमोमी मोचिझुकी. (आत्या, तू वाचत असशील तर: अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून, पण 'कार्टून' म्हटलं की भाची जेवत नाही.)

आता या सिनेमाची मजा, किंवा खरं तर शिक्षा, कळायची तर आधीचं थोडं सांगायला हवं. इझुमी मात्सुमोतो नावाच्या चित्रकारानं 1984 ते 1987 या काळात 'शोनेन जम्प' या साप्ताहिकात ही चित्रकथा काढली. पुढे तिचे अठरा खंड झाले. एप्रिल 1987 पासून मार्च 1988 पर्यंत टीव्हीवर 48 भागांची मालिका झाली. क्योसुके कासुगा नावाचा शाळकरी मुलगा. त्याच्या घरात वडील सोडून सगळ्यांना अतींद्रिय शक्ती. वस्तू हलवणं, इकडून अदृश्य होऊन तिकडे उगवणं वगैरे वगैरे. कुणीतरी गडबड करतं, शेजारपाजारी कुजबुज होते आणि कुटुंबाला गाव सोडावं लागतं. असं सात वेळा झालेलं.

सातव्यांदा नव्या गावात आल्यावर तो एक लांबलचक जिना चढतोय, पायऱ्या मोजत. वरून वाऱ्यावर एक लाल हॅट उडत येते, ती तो उडी मारून पकडतो. हॅटवाली मुलगी मादोका अयुकावा. तो म्हणतो शंभर पायऱ्या आहेत, ती म्हणते नव्याण्णव. शेवटी तडजोड होते साडेनव्याण्णवावर. संपूर्ण मालिका या अर्ध्या पायरीवर उभी आहे असं मी म्हणेन. पूर्ण शंभर कुणी म्हणायचं नाही, पूर्ण नव्याण्णवही नाही.

मादोका त्याच्याच वर्गात. सॅक्सोफोन वाजवणारी, आईवडील संगीतकार आणि कायम परदेशी, त्यामुळे मोठ्या घरात एकटी. शाळेत जरा दरारा असलेली. आणि तिची बालमैत्रीण हिकारू हियामा, दोन वर्षांनी लहान, बडबडी, थेट क्योसुकेच्या गळ्यात पडणारी. त्याला सगळ्यांदेखत 'डार्लिंग' म्हणणारी. झालं. क्योसुकेचा जीव मादोकावर, मादोकाचा त्याच्यावर, आणि हिकारूला वाटतं तो आपलाच. मादोका हिकारूला दुखवायचं नाही म्हणून गप्प. क्योसुकेला कुणालाच दुखवायचं नाही म्हणून गप्प. आणि या गप्प बसण्यावर तीन वर्षं चित्रकथा आणि वर्षभर टीव्ही.

एक बारीक गोष्ट मला जपानी येऊ लागल्यावर कळली. क्योसुकेचं जिच्यावर प्रेम आहे तिला तो आडनावानं हाक मारतो, 'अयुकावा'. आणि जिच्यावर नाही तिला 'हिकारू-चान', म्हणजे आपण लाडानं 'हिकू' म्हणावं तसं. ऐकणाऱ्याला वाटावं की जवळची हीच. आमच्या साताऱ्याच्या ज्युनियर कॉलेजात काय वेगळं होतं? ज्या मुलीशी आपलं काही नाही तिला खुशाल 'ए ताई', 'ए बारके'. आणि जिच्या नुसत्या वेणीकडे बघून घाम फुटायचा तिला मात्र आडनाव! तेही घसा साफ करून.

हे सगळं माझ्या हाती आलं 2002 साली, कावासाकीत. कंपनीनं दिलेली दीड खोली, हिवाळा, आणि पुण्यात क्लास लावून शिकलेलं जपानी प्रत्यक्षात किती तोकडं आहे याचा रोजचा साक्षात्कार. ऑफिसातला एक सहकारी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. ऐंशीच्या दशकात तरुण झालेला. त्यानं मला भाषा सुधारण्यासाठी म्हणून मालिकेच्या टेपा आणून दिल्या. रोज दोन भाग बघायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत न कळलेले शब्द विचारायचे असा आमचा नेम. 48 भाग संपल्यावर सिनेमाची टेप हातात देताना तो म्हणाला, हा शनिवारी रात्री बघ. रविवारी सुट्टी असते. मला वाटलं लांबलचक असेल. तसं नव्हतं ते.

मालिका संपते तेव्हा क्योसुके काळात मागे जाऊन येतो. सहा वर्षांपूर्वीच्या छोट्या मादोकाला भेटतो, तिचं पहिलं प्रेम म्हणजे तोच होता असं निघतं, आणि सगळं गोड. फक्त एक गोष्ट राहते. हिकारूला कुणी काहीच सांगितलेलं नाही! बघणाऱ्यानं मादोका-क्योसुकेसाठी टाळ्या वाजवायच्या आणि त्या तिसरीला सोयीस्कर विसरायचं. सिनेमा आला सात महिन्यांनी, आणि त्यानं त्या राहिलेल्या गोष्टीलाच हात घातला.

सिनेमात जादू नाही. म्हणजे कुणी अदृश्य होत नाही, काळ मागे जात नाही. विनोदही जवळजवळ नाहीत. रंग उतरलेले, बोलणं कमी, टेलिफोन मात्र पुष्कळ. घरात एकच फोन असण्याचा तो काळ. कुणी उचलला, कुणाला हाक मारली, किती वेळ कुणी बोललंच नाही, हे सगळं त्या फोनवर घडतं. सुरुवात होते ती क्योसुके आणि मादोका विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल बघायला निघतात तिथून. फळ्यावर नंबर लावलेले असतात, आपला शोधायचा. (हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको.) आणि तिथून गोष्ट आदल्या उन्हाळ्यात जाते. अभ्यासाचा उन्हाळा. हिकारूला नाचगाण्याच्या नाटकाचं वेड लागलेलं. त्या उन्हाळ्यात तिचं आणि क्योसुकेचं एक चुंबन होतं, ते मादोकाला कळतं, आणि इतकी वर्षं समजूतदारपणे गप्प बसलेल्या मादोकाची सहनशक्ती संपते. आता क्योसुकेला बोलणं भाग आहे.

तो बोलतो. हिकारूला सांगतो की माझं प्रेम अयुकावावर आहे. ती ऐकत नाही, म्हणजे तिला ते ऐकूच येत नाही. ती पुन्हा येते, वाट बघते, रडते, मागे मागे येते. आणि तो पुन्हा नाही म्हणतो. तिच्याकडे न बघता निघून जातो. हे एकदाच नाही होत. मोचिझुकी आपल्याला यातून सोडवत नाही. मागे वाद्यांचा कल्लोळ नाही, की मध्येच पाऊस पडून सगळं काव्यमय होत नाही. संगीत शिरो सागिसूंचं, जे पुढे 'इव्हांगेलिअन'मुळे जगभर झाले. मालिकेत त्यांनी काय धमाल केली होती! इथे ते बऱ्याच वेळा बाजूला उभे राहतात. एक मुलगी इतकी वर्षं ज्याला आपलं समजत होती तो दाराआड आहे, आणि दार उघडत नाही. एवढंच चित्र.

भाचीचं म्हणणं असं, की सांगायचं होतं तर नीट सांगता आलं असतं. समजावून. "फ्रेंड राहू म्हणायचं ना. इतकं तोडायची काय गरज?"

आता माझं म्हणणं. नीट सांगायची वेळ होती ती त्या जिन्यानंतर महिनाभरात. तेव्हा हिकारू दोन दिवस रडली असती, तिसऱ्या दिवशी मांजराच्या मागे लागली असती. ती वेळ यानं घालवली. एकदा नाही, 48 भाग घालवली. आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हणाला की तिला वाईट वाटेल. जपानीत अशा माणसाला 'युउजुउ-फुदान' म्हणतात, निर्णय न घेणारा. क्योसुकेचं नाव निघालं की हा शब्द निघतोच. माझ्या त्या सहकाऱ्यानंच मला शिकवला. त्यातल्या पहिल्या अक्षराचा एक अर्थ 'कनवाळू' असाही होतो. हे मला फार बोलकं वाटलं. मऊपणा आणि ढिलेपणा एकाच शब्दात नांदतात. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही कुठला कुठे संपतो, आणि खरं सांगायचं तर त्या माणसालाही कळत नाही. त्याला सोयीचंच असतं न कळणं.

इतका उशीर केल्यावर मग गोड बोलून नकार देता येत नाही. कारण गोड बोलण्याचा प्रत्येक शब्द हिकारू आशा म्हणूनच वाचणार. वर्षानुवर्षं त्यानंच तिला तसं वाचायला शिकवलंय. 'फ्रेंड राहू' म्हणजे 'उद्या परत ये'. म्हणून त्याला दार लावावं लागतं. तो क्रूरपणा आहेच, पण तो त्या दिवशीचा नाही. आधीच्या सगळ्या भल्या वागण्यावर चढलेलं व्याज आहे ते, एकरकमी वसूल झालेलं. आणि ते भरलं कुणी? हिकारूनं. सिनेमाचं मोठेपण मला यात वाटतं, की तो हे लपवत नाही. मादोका-क्योसुके एकत्र आल्याचा आनंद तुम्हाला होऊच देत नाही.

आपल्याकडे तिरकोणाचं काय करतात बघा. 'संगम' (1964) मध्ये राजेंद्रकुमार गोळी घालून घेतो. 'साजन' (1991) मध्ये सलमान मन मोठं करून बाजूला होतो. 'दिल तो पागल है' (1997) मध्ये करिश्मा समजूतदार होते आणि अक्षयकुमारही होतो. 'कुछ कुछ होता है' (1998) मध्ये राणी सुरुवातीलाच देवाघरी, आणि शेवटी मांडवात सलमान पुन्हा मन मोठं करतो. (या माणसाच्या वाट्याला काय एकेक आलंय.) सगळीकडे तिसरं माणूस स्वतःहून निघून जातं. मेलं तरी चालेल, पण आपल्या नायकाला किंवा नायिकेला कुणाच्या तोंडावर 'तू नाही' म्हणायची वेळ येता कामा नये. त्याचे हात स्वच्छ राहिले पाहिजेत. आम्ही वाढलो ते हेच बघून. त्यामुळे प्रेमात पडणं, झुरणं, त्याग करणं, सगळं शिकलो. नकार देणं कुणी दाखवलंच नाही.

असो. आता इथून पुढचं आईनं वाचून फोन केला नाही तर बरं. बायकोला माहीत आहे, तिनं वाचून 'टाक' म्हटलंय.

मी साताऱ्याहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो 1995 साली. साताऱ्यात एक मुलगी होती. आमच्या ग्रुपमधलीच. तिचा माझ्यावर जीव होता आणि ते मला ठाऊक होतं. मला न कळायला मी काही आंधळा नव्हतो. माझा जीव होता तिच्याच मैत्रिणीवर, जी माझ्यासारखीच पुण्याला शिकायला आली होती. पुण्यात आमचं जमलं. शनिवारी संध्याकाळी फर्ग्युसन रोडला दोन कटिंगमध्ये तीन तास बसणं वगैरे. आणि साताऱ्याहून होस्टेलच्या पत्त्यावर निळी आंतर्देशीय पत्रं येत राहिली.

मी उत्तरं लिहायचो. अभ्यास कसा चाललाय, यवतेश्वरला गेला होतात का, मेसमध्ये पोळ्या कशा चामड्यासारख्या असतात. एक ओळ अशी नसायची जिला कुणी प्रेम म्हणेल. एक ओळ अशीही नसायची जिला कुणी नकार म्हणेल. मला वाटायचं मी तिला जपतोय. साडेनव्याण्णव! पुण्यातल्या मैत्रिणीनं दोन-तीनदा विचारलं, तिला सांगितलंस का. मी म्हणायचो, तिची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली. मग तिच्या आजोबांचं आजारपण होतं. मग दिवाळी होती. सांगण्यासारखा दिवस कधी उगवतच नाही, हे ज्यानं टाळलंय त्याला माहीत असतं.

दीड वर्षानं मी उत्तरं लिहिणं बंद केलं. एवढंच केलं. सांगितलं नाही, फक्त थांबलो. पत्रं अजून चार आली. त्यातलं शेवटचं मी फोडलंसुद्धा नाही, आणि ते फेकायचं धाडसही झालं नाही. ड्रॉइंगच्या रोलरमध्ये गुंडाळून ठेवलेलं ते पुढे होस्टेल बदलताना कुठे गेलं कुणास ठाऊक. सहा महिन्यांनी तिला तिसऱ्याच कुणाकडून कळलं, की पुण्यात कोण आणि कधीपासून. त्यानंतर तिनं माझ्याशी नाही, मैत्रिणीशी बोलणं सोडलं. पहिलीपासूनची मैत्री होती त्यांची. आणि माझी पुण्यातली गोष्टही फार टिकली नाही. ती जाताना एकच वाक्य बोलली होती, "तू तिला सांगितलं नाहीस, उद्या मलाही सांगणार नाहीस." मला तेव्हा ते अन्यायाचं वाटलं होतं.

तर 2002 च्या त्या शनिवारी रात्री कावासाकीत हीटरसमोर बसून मी तो सिनेमा बघितला आणि माझी हिकारूसाठी वगैरे रडारड झाली नाही. मी त्या मुलाकडे बघत होतो. तो निदान दारापर्यंत आला होता. तोंडानं बोलला होता. तिनं त्याला रडून, ओरडून, अडवून जे करायचं ते त्याच्या समोर केलं, आणि त्यानं ते उभं राहून ऐकलं. मी माझ्यासाठी ते सगळं पोस्टमनवर सोपवलं होतं.

म्हणून भाची त्याला दुष्ट म्हणाली तेव्हा मी जरा जास्तच आवाज चढवला असेन. सॉरी गं.

पण सिनेमा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मालिकेवर ज्यांनी जीव टाकला त्यांना हा सिनेमा परका वाटतो, आणि चाहत्यांमध्ये त्यावरून आजही दोन तट आहेत. एक तट म्हणतो हाच खरा शेवट. दुसरा म्हणतो आमची हसतीखेळती गोष्ट कुणीतरी चोरून नेली आणि त्या जागी हे सुतक ठेवलं. दुसऱ्या तटाचं अगदीच चूक नाही. हिकारू मालिकेत विनोदासाठी वापरली गेली होती. तिचं गळ्यात पडणं हा रोजचा गंमतीचा प्रकार. त्याच मुलीला एकदम खरं दुःख द्यायचं म्हणजे प्रेक्षकाला फसवल्यासारखंच आहे. फक्त मला वाटतं की ती फसवणूक आधीची आहे. हसत होतो तेव्हाची.

मादोकाबद्दलही मी जरा खट्टू आहे. अकेमी ताकादांनी तिचं रूप असं काही रेखाटलंय, आणि हिरोमी त्सुरूंचा आवाज असा आहे, की तिला दोष द्यायला मन घेत नाही. पण हिकारू लहानपणापासून जिला देव मानत आली ती मादोका. क्योसुके गमावणं ही एक गोष्ट. पण ती त्याबरोबर मादोकालाही गमावते, आणि तेही अशी जी सगळं जाणून होती! माझ्या मते सिनेमातलं मोठं दुःख हे आहे, आणि त्याला द्यायला हवा होता तेवढा वेळ दिलेला नाही.

1996 मध्ये आणखी एक सिनेमा आला, वेगळ्या दिग्दर्शकाचा. त्यात पुन्हा काळप्रवास, क्योसुके तीन वर्षं पुढे जातो, मोठी झालेली हिकारू भेटते. मला तो जखम बरी झाल्याचं सर्टिफिकेट आणायला पाठवल्यासारखा वाटतो. एकदा बघा, नाही बघितला तरी चालेल.

मोचिझुकींचाच पुढचा एक सिनेमा मात्र जरूर बघा. 'उमि गा किकोएरु', इंग्रजीत 'ओशन वेव्ह्ज'. स्टुडिओ जिब्लीच्या तरुण मंडळींनी टीव्हीसाठी केलेला, मे 1993 मध्ये दाखवला गेला. लांबी तेवढीच, सव्वा तासाच्या आतबाहेर. जिब्लीचा असूनही मियाझाकी किंवा ताकाहाता यांनी न केलेला तो पहिला. मूळ कादंबरी साएको हिमुरो यांची. आपल्याकडे 2020 साली जिब्लीचे सिनेमे नेटफ्लिक्सवर आले त्यात हाही होता, आणि टोटोरोच्या गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही.

तिथेही तिरकोण. कोची नावाचं समुद्राकाठचं गाव, टोकियोहून आलेली जरा फटकळ मुलगी रिकाको, आणि जिवलग मित्र ताकू आणि मात्सुनो. मात्सुनोला ती आवडते, हे ताकूला माहीत आहे. ताकूलाही ती आवडते, पण तो मित्रासाठी ते स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्सुनो त्याला एक ठोसा लगावतो आणि वर्षभर बोलत नाही. पुढे कॉलेजच्या सुट्टीत भेट होते तेव्हा बंदरावर उभा राहून तो ठोशाचं कारण सांगतो. राग याचा आला नव्हता की तुला ती आवडते. राग याचा आला की तू माझ्याकडे बघून मागे राहिलास.

हे ऐकलं आणि मी टीव्ही थांबवून दोन मिनिटं गॅलरीत जाऊन आलो. एकाच माणसानं पाच वर्षांच्या अंतरानं केलेले दोन सिनेमे. एकात दुखवायचं नाही म्हणून न बोलणारा मुलगा, दुसऱ्यात मैत्रीखातर न बोलणारा. आणि दोन्हीकडे न बोलण्याला गोष्ट भलेपणाचे मार्क देत नाही. दुसऱ्याला खरं पेलणार नाही असं आपणच परस्पर ठरवून टाकतो, त्यातला अपमान समोरच्याला बरोबर कळतो. 'कोची'मधला ताकू सुटला, कारण त्याला ठोसा मारणारं कुणीतरी होतं.

हिरोमी त्सुरू नोव्हेंबर 2017 मध्ये गेल्या. टोकियोच्या द्रुतगती मार्गावर गाडी चालवताना महारोहिणीला चीर गेली, वय फक्त 57. 'ड्रॅगन बॉल'मधल्या बुल्माचाही आवाज त्यांचाच, त्यामुळे भाचीनं ते तेव्हा वाचलं होतं. मात्सुमोतो ऑक्टोबर 2020 मध्ये गेले, 61 व्या वर्षी, बरीच वर्षं आजाराशी झगडून. ती बातमी मला कळवली माझ्या त्या कावासाकीच्या सहकाऱ्यानं. मेलमध्ये बातमीच्या खाली एकच ओळ होती, की परवा तो जिना मोजला, गुडघे दुखतात त्यामुळे शंभरच भरल्या. कुठला जिना ते त्यानं लिहिलं नव्हतं. त्याच्या स्टेशनबाहेरचा असावा.

साताऱ्याची ती मुलगी मला 2019 मध्ये भेटली. चुलतभावाच्या लग्नात, साताऱ्यातच. नवरा, दोन मुलं, स्वतःची नर्सरी टाकलीये लिंबाकडे जाताना रस्त्यावर, रोपांचं बोलताना थांबत नव्हती. मी मनात बावीस वर्षांचं भाषण तयार ठेवलं होतं. त्यातलं काही बोलायची वेळच आली नाही. पंगतीत समोरासमोर बसलो होतो. वाढपी मठ्ठा घेऊन पुढे गेला तेव्हा तिनं अगदी सहज, शेजारणीच्या साडीबद्दल विचारावं तसं विचारलं, "माझी पत्रं मिळत होती ना तुला? मला कितीतरी दिवस वाटायचं पोस्टाचाच घोटाळा असेल."

मी म्हटलं, "हो. मिळत होती. सगळी."

"बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मग ठीक." मग जिलबी आली.

भाचीला यातलं काही सांगितलं नाही. ती पाडव्याचा, भाऊबीजेचा असा सगळा गल्ला गोळा करून नाशिकला परत गेली. गाडीतूनच तिचा मेसेज आला: 'मामा, ओके, क्योसुकेनं सांगितलं ते बरोबर. पण मादोका तर तिची बेस्ट फ्रेंड होती. मग पहिल्यांदा सांगायचं काम तिचं होतं ना?'

याला उत्तर काय द्यावं ते मला सुचलेलं नाही. पुण्यातल्या त्या मैत्रिणीला मी कधीच विचारलं नव्हतं, की तू का नाही सांगितलंस तिला. ती माझी वाट बघत होती, एवढं मात्र आता कळतं.

मेसेज येऊन आठ दिवस झाले. काल बायकोनं विचारलं, तिला उत्तर दिलंस का? म्हटलं, तिची सहामाही चालू आहे, संपू दे.

तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की हा लेख टाकून झाल्याबरोबर फोन लावतो.